हवा आणि पाणी एकत्र वाहत असताना पाइपातून वाळू-खडी वर कशी येते? हवा वाढवली की जास्त येते का?

एका हद्दीपलीकडे नाही येत. हेच मी आमच्या साडूंना आणि फ्लशिंगवाल्याला (कंप्रेसरच्या हवेनं बोअरमधला गाळ काढणाऱ्याला) बोअरच्या तोंडाशी उभा राहून ओरडून सांगत होतो, पण कंप्रेसरच्या आवाजात दोघांनाही सोयीस्करपणे ऐकू येत नव्हतं.

सांगोल्याकडे साडूंची डाळिंबाची बाग आहे. बोअर साडेसहा इंची, 300 फूट, पाणी 120 फुटांवर. दोन पाषाणांमधला तांबड्या मातीचा थर ढासळून बोअर 240 फुटांपर्यंत भरून आला होता. फ्लशिंगवाल्यानं हवेची नळी 150 फुटांवरच थांबवली आणि कंप्रेसर पूर्ण उघडला. तांबडा फवारा उंच उडाला, साडू खूश, मोबाइलवर शूटिंग सुरू. मी फवाऱ्याखाली घमेलं धरलं. बोटांना बुळबुळीत लागणारं गढूळ पाणी, खडा एकही नाही.

कारण खडा हवा उचलत नाही, पाणी उचलतं. हवा फक्त वरचं पाणी हलकं करते, मग खालचं जड पाणी त्याला वर रेटतं. एक मिलिमीटरची वाळू सेकंदाला साधारण 15 सेंटिमीटर वेगानं खाली बसते. पाणी त्याहून जोरात चढलं तरच ती चढणार. आणि नळीच्या तोंडाखाली बुडबुडे नसतातच, तिथून वाळू आणायची ती निव्वळ पाण्यानं. साडेसहा इंची बोअरमधून सेकंदाला दोन लिटर पाणी आलं तरी वेग जेमतेम 9 सेंटिमीटर. मग वाळू कशाला जागची हलतेय!

हवा वाढवत गेलं की बुडबुडे एकमेकांत मिसळून पाइपभर मोठे होतात. त्यांच्या कडेनं पाण्याचा पातळ थर खाली घसरतो, त्याबरोबर खडेही घसरतात, आणि मागून येणारा पाण्याचा लोट त्यांना पुन्हा वर घेतो. इथवर ठीक. त्याहून हवा सोडली की पाणी भिंतीला चिकटतं आणि मधून नुसती हवा सुसाट निघून जाते. डिझेल जळतं, पाणी उलट घटतं.

शेवटी साडूंच्या थोरल्यानं माझं ऐकलं. गाळाच्या जरा वरपर्यंत चार इंची पाइप सोडला (अरुंद वाटेत तेवढंच पाणी जोरात चढतं), हवेची नळी त्याच्या आत, व्हॉल्व्ह अर्धा. आता पाइपाच्या लांबीपैकी जवळपास निम्मी पाण्यात होती, आधी जेमतेम पाचवा हिस्सा. बोअर ढेकरा दिल्यासारखं थांबून थांबून पाणी टाकू लागला आणि दर ढेकरेला ज्वारीएवढी खडी पत्र्यावर तडतडली. साडूंचं म्हणणं, "आधीच्या फवाऱ्यानं सैल झाली होती म्हणून आली." आजही लग्नकार्यात भेटले की हेच. साडूबुवा, 1978 साली पॅसिफिकच्या तळातून, 5000 मीटरहून खोल, मँगनीजचे गोळे हवा सोडून जहाजावर आणले होते. ते कोणत्या फवाऱ्यानं सैल केले होते?

तेव्हा फ्लशिंगवाला नुसता प्रेशरचा आकडा सांगू लागला तर त्याला विचारा, नळी किती फुटांवर सोडणार. तोंड गाळात रुतवू मात्र नका, अडकली तर बोअर जातो. केसिंग (भिंतीला आधार देणारा पाइप) नसेल तर हवा हळूहळू उघडा, पाणी एकदम खाली गेलं की भिंत ढासळते.

हे सगळं पाणी असलेल्या बोअरचं. कोरडा बोअर मारताना चुरा हवाच उडवते, तिथे सेकंदाला 15 मीटर किंवा जास्तच वेग लागतो, त्यामुळे तिथे 'जास्त हवा, जास्त खडी' हे साडूंचं गणित बरोबर. आडव्या पाइपात हवा वरून पळते, वाळू तळाशी बसते आणि पाण्याचा लोट आला की तेवढ्यापुरती सरकते. तुमची लाइन आडवी असेल तर तसं लिहा.