कॉलेजच्या बास्केटबॉल संघात उंच सेंटर नसेल तर संघ कसा निवडावा?

परभणीहून विचारलंय की बारा पोरं निवडायचीत, सहा फुटांच्या वर एकच, तोही जागचा हलत नाही. मग सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच गडी, कोण?

कुणीच नाही. २०१५च्या एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या फायनलमध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्स हा संघ १-२ असा मागे होता. चौथ्या सामन्यात त्यांनी उंचपुऱ्या सेंटर बोगटऐवजी इग्वाडालाला सुरुवातीला उतरवलं आणि सेंटरचं काम साडेसहा फुटी ग्रीनवर टाकलं. तिथल्या मानानं तो बुटकाच. तो सामना धरून सलग तीन सामने जिंकून त्यांनी विजेतेपद घेतलं.

निवडीला मी शूटिंग सगळ्यात शेवटी बघतो. सेंटर नाही म्हणजे सगळ्यांना सगळं यायला हवं, म्हणून आधी प्रत्येकाला नावडतं काम देतो. धिप्पाड पोरानं दोघांच्या दबावातून बॉल ड्रिबल करत अर्धं मैदान ओलांडायचं, बारक्यानं रिंगखाली पाठ लावून जाड्याला अडवायचं. बचावात अडवायचा माणूस एकमेकांत बदलताना ‘घेतला!’ असं जो ओरडतो, त्याच्या नावापुढं मी खूण करतो. मुक्यानं खेळणारा कितीही चांगला असो, या पद्धतीत गोंधळच घालतो.

आणि खो-खोच्या मैदानावर एक चक्कर माराच. धाराशिव-लातूरकडच्या खो-खोच्या पोरांचे पाय बघा. नेम शिकवता येतो हो, तसे पाय कुठून आणणार?

रिबाऊंडला, म्हणजे हुकलेला बॉल पकडण्यात, मात्र मार खाल. त्यामुळं समोरच्यानं शॉट घेतला की पाचही जणांनी आधी आपापला माणूस पाठीनं रेटायचा, मग वर बघायचं. आमच्या सिमेंटच्या कोर्टवर हा सराव रोज वीस मिनिटं चालतो, पोरं वैतागली तरी. तो उंच पोरगा ठेवा, पण बाकावर.