जुन्या डिझेल पिकअपचा हीटर गावात चालतो, हायवेवर गार पडतो. मेकॅनिक म्हणतो हीटर कोअर (डॅशबोर्डमागची, इंजिनाच्या गरम पाण्यावर हवा तापवणारी छोटी जाळी) बदला, अख्खा डॅशबोर्ड उघडावा लागेल. उघडू द्यावा का?

मुळीच नाही. निदान तापमानाचा काटा बघेपर्यंत तरी नाही.

गावात थांबत थांबत जाताना बऱ्यापैकी ऊब येते आणि हायवेला वेग धरला की हवा कोमट होत होत गार पडते, असं तुम्ही स्वतःच लिहिलंय. एवढं तुमच्या मेकॅनिकने नीट ऐकून घेतलं असतं तर कोअरचं नाव काढलं नसतं. चोंदलेला कोअर गावातही चोंदलेलाच असतो. वेगात समोरून वारा लागून इंजिनच थंड पडत असेल, तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाचं पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह, उघडा अडकलाय, नाहीतर जागेवर नाहीच. जुनी गाडी, त्यातून दोन-तीन हात फिरलेली, म्हणजे माझ्या मते नाहीच. हायवेवर काटा खाली ‘सी’पाशी, म्हणजे थंडच्या खुणेपाशी, लोळत असेल तर डॅशबोर्डला हात लावू देऊ नका.

हे इतक्या ठामपणे सांगतोय, कारण याच व्हॉल्व्हवरून आमच्या घरात वर्षानुवर्षं वाजतंय.

आम्ही ग्वाल्हेरचे, तिथल्या लष्कर भागातले. थंडीत आमची पिकअप मुरैन्याहून गजक (तिळाची कुरकुरीत मिठाई) भरून झाशीला जाते. संक्रांतीच्या आधी तर गाडीला उसंत नसते. ग्वाल्हेरचा उन्हाळा सगळ्यांना ठाऊक असतो, पण जानेवारीत पहाटे इथे धुकं असं पडतं की बॉनेटच्या पुढचं दिसत नाही. अशा वेळी हीटर म्हणजे चैन नव्हे. आतून काच धुरकटते, ती एका हाताने वर्तमानपत्राने पुसायची, दुसऱ्या हाताने स्टिअरिंग धरायचं आणि डबऱ्याच्या अलीकडे मागचा दिवा नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली अचानक पुढ्यात यायची. पाय तर क्लचवर आहे की ब्रेकवर, तेही कळेनासं व्हायचं.

थोरले काका म्हणायचे, ‘जुनी गाडी आहे, लोई घे अंगावर.’

यामागची हकीकत अशी. एका जून महिन्यात गाडी दतियाजवळ उकळली. काकांनी ती एका उस्तादकडे नेली. त्याने रेडिएटरचं रॉडिंग केलं, म्हणजे नळ्या सळईने साफ केल्या, फॅनचा सैल पट्टा बदलला आणि जाता जाता थर्मोस्टॅट काढून फेकला. ‘बाबूजी, ये वॉल ठंडे मुलुक के लिए होता है, अपने यहाँ क्या काम?’ त्यानंतर गाडी उकळली नाही. उकळणार कशी? रेडिएटर साफ झाला होता, पट्टा नवा होता. पण श्रेय सगळं व्हॉल्व्ह काढण्याला. तेव्हापासून काका ज्याला त्याला हाच सल्ला देतात आणि लोक ऐकतातही, कारण काका पिकली केसं घेऊन बोलतात.

आता हा व्हॉल्व्ह करतो काय? आत मेणाची कुपी असते. इंजिन थंड असताना तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो, पाणी इंजिन आणि हीटरमध्येच फिरतं आणि लवकर तापतं. ठरलेल्या तापमानाला मेण वितळून फुगतं आणि वाट उघडते. ते तापमान बहुधा व्हॉल्व्हवरच कोरलेलं असतं, आमच्यावर ८२ आहे. तो काढून टाकणं म्हणजे बंब पेटवायचा आणि खालचा नळ सोडून ठेवायचा. हीटर तर मेलाच, शिवाय थंड इंजिन डिझेल जास्त पितं आणि झिजतंही लवकर. उन्हाळ्याची भीती घालणाऱ्यांनी हेही ऐकावं: बऱ्याच इंजिनांत हाच व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी वाट बंद करतो. तो नसला तर थोडं तापलेलं पाणी रेडिएटरमध्ये न जाताच इंजिनात परततं. म्हणजे ४५ अंशांतही तो हवाच.

मी एका रविवारी अंगणातच थर्मोस्टॅटचं हाउसिंग उघडलं. रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) इंजिनाला जिथे जोडलेला असतो ते. बोल्ट काढून झाकण उचललं तर व्हॉल्व्हची खाच रिकामी, कडेने दाबून फासलेलं सीलंट आणि आत गंजाचा तांबूस चिखल, कारण कूलंटच्या नावाखाली वर्षानुवर्षं बोअरचं पाणी. नवा व्हॉल्व्ह काही शे रुपयांत मिळाला. बसवण्याआधी तो काकांच्या समोर उकळवला. एका गजकवाल्याने हौसेने घेतलेला आणि कधीच न वापरलेला पाकाचा थर्मामीटर मागून आणला, पातेल्यात दोऱ्याने व्हॉल्व्ह टांगला आणि गॅस लावला. ऐंशी ओलांडेपर्यंत हूं की चूं नाही. मग पितळी चकती हळूहळू स्प्रिंग दाबत खाली सरकली आणि फट दिसू लागली. गॅस बंद केल्यावर तशीच परत मिटली. काकांनी चहा संपवला आणि म्हणाले, ‘भोगशील मे महिन्यात.’ पातेलं पुन्हा दुधाला वापरायला काकूंनी साफ नकार दिला, तो वेगळाच विषय.

पुढच्या फेरीत काटा मधोमध आणि डबरा यायच्या आत जॅकेट काढावं लागलं. काकांचं म्हणणं, यंदा थंडीच कमी आहे. मे महिना आला, गेला, गाडी उकळली नाही. त्यावर ते काहीच बोलले नाहीत.

आता तुमच्याकडे काटा मधोमध असूनही हवा गार असेल तर मात्र माझं वरचं सगळं बाद. मग डॅशबोर्डकडे जाणारे दोन्ही हीटर होज हाताने चाचपा. एक गरम आणि दुसरा कोमट असेल तर कोअर चोंदलाय किंवा हीटरची तोटी अर्धवट उघडतेय. तोटीची केबल क्लिपमधून निसटलेली असणं फार कॉमन आहे, आधी तेच बघा. काही जण उन्हाळ्यात एसी गार राहावा म्हणून दोन्ही होज परस्पर जोडून टाकतात आणि विसरतात. कोअर चोंदलाच असेल तर होज काढून बागेच्या पाइपने हलक्या दाबाने उलटसुलट धुऊन बघा. जोरात नको, जुना कोअर फुटतो. दोन्ही होज गरम असतील तर भानगड ब्लोअरची किंवा आतल्या झडपेची, आणि त्यात मला फारशी गती नाही.

केबिनमध्ये गोडसर वास येत असेल, काचेला चिकट वाफ धरत असेल किंवा डावीकडची मॅट ओली होत असेल, तर कोअर गळतोय. तेव्हा तुमचा मेकॅनिक बरोबर आणि मी चूक, उघडू द्या डॅशबोर्ड.

रेडिएटरसमोर पुठ्ठा लावून वेळ मारून नेता येते, ट्रकवाले नेतातच, पण काट्यावर नजर ठेवा. आणि हीटर बंद म्हणून केबिनमध्ये सिगडी कुणीही ठेवू नका, बंद काचांत तिचा न दिसणारा, वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड वायू माणूस मारतो.

नवा व्हॉल्व्ह बसवताना त्याच्या कडेला छोटं भोक असेल तर ते वरच्या बाजूला यायला हवं, नाहीतर हवा अडकून राहते. उस्तादकडून बसवून घेणार असाल तर शेजारी उभे राहा आणि तो खरंच आत गेला का ते डोळ्यांनी बघा.