बैलाचं प्रत्येक पाऊल मेंदू ठरवतो का?

तुम्ही विचारलंय, बैल चालताना कोणता पाय कधी उचलायचा हे त्याचा मेंदू दर पावलाला ठरवतो का.

नाही. मेंदू 'निघ' म्हणतो, 'थांब' म्हणतो, वेग सांगतो. पावलांचा ठेका मात्र पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत तयार होतो. मी परभणीला पशुवैद्यकी शिकलो, आता अहमदपूरकडं गुरं तपासतो. गोठ्यात हे सांगितलं की लोक हसतात. पण मान कापलेली कोंबडी अंगणभर फडफडताना त्यांनीही पाहिलेली असते.

1911 साली थॉमस ग्रॅहम ब्राऊन यांनी मांजरांचा मज्जारज्जू मेंदूपासून तोडला, पायांकडून संवेदना आणणाऱ्या नसाही कापल्या. तरी पाय दुमडणारे अन् ताणणारे स्नायू आळीपाळीनं आखडत राहिले. एक पाऊल टेकलं की त्याच्या संवेदनेतून पुढचं निघतं, ही तेव्हाची समजूत तिथंच डळमळली. त्यांचा तर्क असा: चेतापेशींचे दोन गट असतात, एक चेतला की दुसऱ्याला दाबून धरतो, तो दमला की दुसरा उसळतो.

पुढं 1966 मध्ये मॉस्कोत शिक, सेव्हेरिन आणि ओर्लोव्स्की यांनी मोठा मेंदू तोडलेल्या मांजराला सरकत्या पट्ट्यावर उभं केलं आणि मध्यमेंदूतल्या एका जागी हलका विजेचा प्रवाह दिला. मांजर चालू लागलं. प्रवाह वाढवला तसं दुडकं पळालं, मग चौखूर. म्हणजे मेंदू फक्त कासरा हलवतो.

मग संवेदना फुकटच का? नाही. डोनाल्ड विल्सन यांनी 1961 साली टोळांच्या पंखांकडून येणाऱ्या संवेदना तोडल्या, तेव्हा फडफड थांबली नाही पण संथ झाली. चार पायांच्या जनावरात मागचा पाय पुरता मागं ताणला जाऊन त्यावरचा भार हलका झाला, की पुढं उचलायचा इशारा मिळतो. ढेकळांच्या रानात याच्याशिवाय बैल दहा पावलं नीट टाकणार नाही.

दवाखान्यात हे रोज उपयोगी पडतं. गाडीनं कंबर मोडलेलं कुत्रं आणतात. मागच्या पायाचं बोट चिमटलं की ते पाय ओढून घेतं, मालक म्हणतो, "बघा डॉक्टर, जीव हाय पायात!" पण तेवढं तर मज्जारज्जू एकटाच करतो. म्हणून चिमटा काढताना मी पाय बघत नाही, तोंड बघतो: मान वळवली का, केकाटलं का.