ललित लेखन आणि कथाकथनावर कोल्हापुरात राहून घर चालतं का?

तुमचा प्रश्न असा: पतसंस्थेत नोकरी आहे, ललित लेख अधूनमधून छापून येतात, स्वतःच्या आयुष्यातल्या गोष्टी स्टेजवर सांगायला लागलाय आणि लोकांना आवडतंय. तर नोकरी सोडून हेच करावं का, आणि त्यासाठी पुण्याला जावं लागेल का?

नोकरी इतक्यात सोडू नका. पुण्याला जायची गरज नाही.

मी शाळेत शिकवत शिकवत हे दोन्ही करत आलोय, म्हणून आधी पैशाचं सांगतो. लेखांवर घर चालत नाही. दिवाळी अंकांचे काही संपादक मानधन वेळेवर पाठवतात, काही नुसता अंक पाठवतात, काहींना तुम्हीच अंक विकत घेऊन दाखवायचा. पैसा असलाच तर सांगण्यात आहे. वाचनालयाची व्याख्यानमाला जाण्यायेण्याचा खर्च आणि एक पाकीट देते. बँकेचा किंवा कारखान्याचा वर्धापनदिन असेल तर पाकीट जरा जाड असतं, पण तिथं पहिल्या रांगेतल्या सोफ्यावरचे पाहुणे अर्ध्यात उठून जातात आणि त्यांच्यामागं फोटोवाला जातो. ते सहन करायचे पैसे समजा. हंगाम गणपतीत सुरू होतो, स्नेहसंमेलनांमध्ये जोर धरतो आणि २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला संपतो. मार्च ते जुलै जवळजवळ कोरडे. आणि घराचा हप्ता तर बाराही महिने असतो.

व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी मिळून गावोगाव कथाकथन केलं. शंकर पाटील तर आपल्याच जिल्ह्यातले, पट्टणकोडोलीचे. एवढी लोकप्रियता असूनही माडगूळकर आकाशवाणीत होते, मिरासदार मराठीचे प्राध्यापक, शंकर पाटील आधी शिक्षक आणि मग पाठ्यपुस्तक मंडळात. हे मी पगारापुरतंच सांगत नाही. तुमच्या काउंटरवर रोज जे चालतं ते घरी बसून सुचणार नाही. मेव्हण्याला जामीन राहिलेला माणूस थकबाकीची नोटीस हातात घेऊन कसा उभा राहतो, बायकोला कळू नये म्हणून पत्ता कुणाचा द्यायला बघतो, हे तुम्हाला फुकट दिसतंय. अर्थात ग्राहक ओळखू येईल असं काही सांगायचं नाही. त्यात नोकरीही जाईल आणि माणुसकीही.

आता मुख्य अडचण. छापलेला लेख पाठ करून म्हटला की कथाकथन होत नाही, आणि ललित लेखक नेमके तिथंच अडकतात. माझंच बघा. २०१९ च्या महापुरावर मी लेख लिहिला, तो नदीच्या वर्णनानं सुरू होतो. पाण्याचा रंग, वाहत आलेली लाकडं, रात्रीचा आवाज. कागदावर ते चालतं, वाचणाऱ्याला घाई नसते. स्टेजवर मी सरळ आत्तीच्या वाक्यावर जातो: “फ्रिज माळ्यावर चढवा. टीव्ही राहू दे, तो भावजींनी दिलाय.” हॉल हसला की मग पाणी दारात आणायचं.

आणखी एक. पंचगंगेच्या पुराची उंची राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. कोल्हापुरात “राजाराम बंधाऱ्यावर ५० फूट” एवढं म्हटलं तरी हॉल चिडीचूप होतो. ३९ ला इशारा, ४३ ला धोका हे इथं शेंबड्या पोरालाही माहीत, आणि त्या ऑगस्टात पाणी ५५ च्या वर गेलेलं सगळ्यांनी बघितलंय. तोच आकडा पुण्यात सांगितला तर आधी बंधारा समजवावा लागतो आणि तेवढ्यात गोष्ट थंड होते. तिथं मी आकडा टाकून देतो आणि आत्तीच्या जिन्याच्या पायऱ्यांवर पाणी चढवतो. गाव बदललं की असं माप बदलावं लागतं.

सरावासाठी न्यूयॉर्कच्या ‘द मॉथ’चे नियम उसने घ्या. १९९७ साली सुरू झालेला हा स्टेजवर गोष्टी सांगण्याचा उपक्रम. गोष्ट खरी हवी, स्वतःची हवी, हातात कागद नको, आणि त्यांच्या स्पर्धेच्या रात्री प्रत्येकाला पाचच मिनिटं. आपल्याकडं अर्धा-पाऊण तास बोलायची सवय, त्यामुळं पाच मिनिटांत पाल्हाळ लगेच उघडा पडतो. वाचनालयाची खोली मागा, वीस माणसं जमवा, चालू करा.

खऱ्या गोष्टीची एक जोखीम मात्र माडगूळकर, पाटील, मिरासदार या तिघांना एवढी नव्हती. त्यांची माणसं कथेतली होती. तुमची आत्ती दुसऱ्या रांगेत बसलेली असते. मी तिला आधी घरी बसवून सगळं ऐकवलं. ती म्हणाली, “टीव्हीचं सांग की, तसाही तो बिघडलेलाच होता. गहाण दागिन्यांचं तेवढं काढ.” खरं तर गोष्टीचा जीव दागिन्यांतच होता. काढलं. आजही सांगत नाही.

पुण्याचं म्हणाल, तर मराठी लघुनिबंधाचे बिनीचे लेखक ना. सी. फडके इथल्या राजाराम कॉलेजात शिकवायचे, आणि खांडेकरांनी कोल्हापुरातच घर केलं. आता तर बोलावणारे आधी “क्लिप पाठवा” म्हणतात. एका कार्यक्रमाचं बरं रेकॉर्डिंग करून ठेवा. आवाज कॉलर माईकचा घ्या, हॉलच्या स्पीकरचा नको. बाकी पुण्याचं बोलावणं आलं तर रात्रीची बस आहेच.

कुणी चॅनेलवाला रेकॉर्ड करायला आला तर हक्क कुणाकडं आणि किती वर्षं, हे कागदावर घ्या. हक्क लेखी आणि सहीनिशीच देता येतात. त्या कागदात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो. “आपलाच माणूस आहे, भावा” यावर सही करू नका.

राजीनाम्याचा विचार कधी करायचा? मार्च ते जुलै हे महिने पगाराला हात न लावता सलग दोन वर्षं निघाले, की. आणि तेव्हासुद्धा आधी सहा महिने बिनपगारी रजा मिळते का, ते मॅनेजरना विचारून बघा.