दुकान विकायचं तर वीक, पण आधी वेळ लिही

तुझा मेसेज वाचला. "काका, बाबा परत रॅक लावतायत, मला वाटतं दुकान विकून पुण्याला जावं, तुम्ही सांगा." आता मी काय सांगणार, बाबा तुझे, दुकान तुमचं. धीरबीर देत बसत नाही, चिपळूणच्या पोरीला चिखल काय असतो ते शिकवायला नको. एकच विचारतो. 22 जुलै 2021 ला तुमच्या दुकानात पाणी किती वाजता शिरलं?

नाही ना सांगता येत? कुणालाच येत नाही. "मध्यरात्रीनंतर", "पहाटे पहाटे", "लाइट गेले त्याच्यानंतर कधीतरी". पाणी किती चढलं ते सगळे भिंतीला हात लावून दाखवतात, वेळ मात्र कुणाकडे नाही. माझं सगळं भांडण तिथंच आहे बघ.

तेव्हापासून आपण एकच वाद घालतोय, कोळकेवाडी धरणातून पाणी सोडलं म्हणून बुडालो का पाऊसच तसा होता का भरती होती का वाशिष्ठी नदी गाळानं भरली होती. कोयनेचं वीज करून झालेलं पाणी, वर्षाला 67.5 टीएमसीचा हिशोब आहे त्याचा, ते वाशिष्ठीतच येतं हे खरं, आणि त्या रात्री वर घाटात बेफाम पाऊस होता हेही खरं. मग कशामुळे किती चढलं हे ठरवायचं कसं? धरणवाल्यांकडे तासातासाचे आकडे असतात, आपल्याकडे काय तर आठवणी. चिंचनाक्यावर इतक्या वाजता गुडघाभर, पेठमापला इतक्या वाजता कमरेएवढं, भोगाळ्यात इतक्या वाजता शटर बुडालं, असं पन्नासेक दुकानांचं जरी कागदावर असतं ना, तर मीटिंगमध्ये घसा फोडायची वेळ आली नसती. आणि पुढच्या वेळी शिव नदी कुठल्या पायरीला लागली की तुझ्या हातात किती वेळ उरतो, माल वर चढवायचा का बाबांना घेऊन सरळ निघायचं, हे पण त्याच कागदावर दिसलं असतं. म्हणून सांगतो, वेळ लिही.

26 जुलै 2005 लाही हेच झालं. तेव्हा आळीत म्हातारी माणसं होती, त्यांना जुने पूर पाठ होते, पाणी आधी मागच्या गटारातनं येतं का पुढनं बाजारातनं, ओसरताना कुठं तुंबून राहतं, सगळं. ती गेली आणि सगळं घेऊन गेली. वाचन मंदिराची, आपल्या जुन्या वाचनालयाची, पुस्तकं दोन्ही पुरांत भिजली त्याचं लोकांना वाईट वाटतं, मलाही वाटतं, पण या माणसांचं कुणी लिहूनच घेतलं नाही हे मला जास्त लागतं. म्हणून वही घेऊन फिरतो. तुझे बाबाच मला बघून म्हणाले होते, "आले तलाठी." तलाठी तर तलाठी!

2021 च्या डिसेंबरात नदीतला गाळ काढा म्हणून साखळी उपोषण बसलं तेव्हा मी रोज मांडवात नव्हतो, त्यावरून अजून टोमणे ऐकतो. मागणी रास्तच होती, त्या रेट्यामुळेच गाळ काढायला मशिनं नदीत उतरली, कोण नाही म्हणतंय. पण मला घोषणा देता येत नाहीत, मला मोजता येतं, मग मी येतं ते केलं तर बिघडलं कुठं? असो. तुला कशाला सांगतोय हे.

पैशाचं बोलू. त्या वर्षीच्या सरकारी पॅकेजमध्ये दुकानदाराला जास्तीत जास्त 50 हजार आणि टपरीवाल्याला 10 हजार, तेही पंचनाम्यावर. आणि पंचनामा होईपर्यंत निम्म्या लोकांनी भिजलेला माल रस्त्यावर टाकलेला, बिलबुकं चिखलात. तेव्हा स्टॉकची यादी आणि बिलं दर महिन्याला मेलवर टाकत जा, आणि माल फेकायच्या आधी फोटो. माझ्या ओळखीत एकाची पॉलिसी होती, क्लेम करायला गेला तर कळलं की आगीचं कव्हर आहे, पूर-वादळाचं प्रीमियम वाचवायला काढून टाकलेलं. बुडालेल्या माणसाला आगीचा विमा! तुमची पॉलिसी आजच काढून बघ.

आता विकायचं. सरकार नकाशावर पूररेषा आखतं, त्यातली निळी रेषा म्हणजे 25 वर्षांत एकदा येईल अशा पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांत एकदा. 2005 आणि 2021 मध्ये अंतर किती ते तूच बघ. शहराचा बराच भाग या रेषांच्या आत आलाय, म्हणजे गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न तोच आणि भाव पाडायला कारण पण तेच. मी विकू नको म्हणत नाही हं, तुझं वय आहे, जा. फक्त पुण्याला गेलीस की पाण्यातनं सुटलीस असं समजू नको. 25 जुलै 2024 ला खडकवासल्याचा विसर्ग वाढला आणि सिंहगड रोडला एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, तिथले लोक पण हेच विचारत होते, पाणी सोडलं किती वाजता आणि आम्हाला सांगितलं किती वाजता. तिथं राहिलीस तर तिथली वेळ लिही.

रविवारी दुकानात येतो. तोपर्यंत बाबांना विचारून ठेव, पहिल्यांदा पाय ओले झाले तेव्हा मोबाइलमध्ये किती वाजले होते. चिडतील. तरी विचार, नाहीच आठवलं तर त्या रात्रीचे त्यांचे कॉल आणि व्हॉट्सअ‍ॅप फोटो बघ, त्यावर वेळ असते. आणि शेजारच्या स्टेशनरीवाल्याला पण बसव, तो त्या रात्री माळ्यावर होता.