अमेरिकेत दुकानात काम करताना मालकाचं पिस्तूल वापरता येतं का? सेल्फ डिफेन्सचा कायदा काय म्हणतो?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. लहान भाऊ टेक्सासला गॅस स्टेशनवर रात्रपाळी करतो, मालकानं काउंटरखाली पिस्तूल ठेवलंय आणि सांगितलंय की चोर आला तर बिनधास्त चालव, इथला कायदा आपल्या बाजूनं आहे, आणि तुम्ही विचारताय की हे खरं आहे का आणि कामावर बंदूक बाळगायचा हक्क अमेरिकेत सगळ्यांनाच असतो का. सगळं लिहिलंत, पण भाऊ कुठल्या व्हिसावर आहे ते नाही लिहिलं, आणि पहिली गाठ तिथंच आहे. मी वकील नाही, पण टेक्सासमध्येच राहतो, सुरुवातीची चार वर्षं अशाच काउंटरमागं काढलीत आणि नंतर इथला बंदूक लायसनचा क्लासही केलाय, त्या क्लासमध्ये बराचसा वेळ कायदाच शिकवतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भाऊ स्टुडंट व्हिसावर, एच-१बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, एच-४ म्हणजे एच-१बीवाल्याच्या नवरा-बायकोच्या किंवा मुलांच्या व्हिसावर, थोडक्यात कुठल्याही नॉन-इमिग्रंट म्हणजे तात्पुरत्या व्हिसावर असेल तर त्यानं त्या पिस्तुलाला हातसुद्धा लावायचा नाही. हा फेडरल म्हणजे अख्ख्या देशाचा कायदा आहे, टेक्सास कितीही मोकळं असलं तरी तो इथं लागू आहेच. अशा माणसाला बंदूक आणि गोळ्या, दोन्ही जवळ ठेवायला मनाई आहे, आणि जवळ ठेवणं म्हणजे स्वतः विकत घेणं असं नव्हे बरं का, दुसऱ्याची का असेना, ती ताब्यात असली की झालं. रात्री दुकानात तो एकटा आणि पिस्तूल हाताशी, एवढ्यावर सुद्धा सरकारी वकील केस उभी करू शकतो. २०२२ पासून शिक्षा १५ वर्षांपर्यंत आहे. कोणी सांगेल की शिकारीचं लायसन काढलं की चालतं, तसा एक अपवाद कायद्यात आहे खरा, पण इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय त्या भानगडीत अजिबात पडू नका. आणि स्टुडंट व्हिसा असेल तर गॅस स्टेशनवरची ही नोकरीच मुळात बसत नाही, तो वेगळा घोर. ग्रीन कार्ड म्हणजे कायम राहायचा परवाना असेल तर बंदूक बाळगता येते, पण बंदुकीचा गुन्हा शाबित झाला तर ग्रीन कार्डवाल्यालाही देशाबाहेर काढू शकतात, हे कायम डोक्यात असू दे.

आता हक्काचं. दुसरी घटनादुरुस्ती १७९१ ची, बंदूक बाळगायचा हक्क त्यात आहे. २००८ साली हेलर केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हा हक्क एकेका माणसाचा आहे, फक्त मिलिशियाचा, म्हणजे नागरिकांच्या सशस्त्र दलाचा नाही, आणि २०२२ च्या ब्रूएन केसमध्ये न्यूयॉर्कच्या कायद्यावर निकाल देताना सांगितलं की घराबाहेरही स्वसंरक्षणासाठी बाळगता येते. टेक्सासमध्ये तर सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या माणसाला, ज्याला कायद्यानं मनाई नाही अशाला, लायसनसुद्धा लागत नाही. हे ऐकून आपल्या लोकांना वाटतं की मग कुठंही न्या. पण हा हक्क सरकारच्या विरुद्ध आहे, मालकाच्या विरुद्ध नाही. दुकान, ऑफिस, गोदाम, ही खाजगी जागा, तिच्या उंबऱ्याच्या आत मालकाचं चालतं. तो नको म्हणाला की नको, आणि तरी नेली तर नोकरीवरून काढू शकतो, मोंटाना सोडून इथं जवळपास सगळीकडं नोकरी तशी कारण न देताही जाते. टेक्सासमध्ये दारावर ३०.०६, ३०.०७ अशा नंबराच्या, बंदूक आत आणू नका सांगणाऱ्या पाट्या दिसतात त्या याच कारणानं.

मालकाचं चालत नाही अशी एकच जागा आहे, पार्किंग. त्याची गोष्ट ओक्लाहोमातल्या व्हॅलियंट गावची. २००२ साली तिथल्या वेअरहाउझर कंपनीच्या कागद कारखान्यात कुत्री आणून पार्किंगमधल्या गाड्या तपासल्या, गाड्यांत बंदुका सापडल्या आणि कामगार घरी बसवले. शिकारीचा सीझन, गावाकडची माणसं, गाडीत बंदूक असणं तिथं नेहमीचं. बराच गदारोळ झाला आणि ओक्लाहोमानं २००४ मध्ये कायदाच केला की कुलूपबंद गाडीतली बंदूक मालकानं अडवायची नाही. मोठ्या कंपन्या कोर्टात गेल्या, कामाची जागा सुरक्षित ठेवायचं बंधन आमच्यावर आहे मग हा कायदा कसा, असं त्यांचं म्हणणं, खालच्या कोर्टात जिंकल्या पण २००९ ला वरच्या कोर्टानं कायदा टिकवला. पुढं फ्लोरिडा, जॉर्जिया आणि बऱ्याच राज्यांनी तेच केलं, टेक्सासनं २०११ ला. म्हणजे भावाची स्वतःची कायदेशीर बंदूक असली तर ती त्याच्या कुलूपबंद गाडीत राहू शकते, पण आत आणायची का नाही ते मालक ठरवणार. काही केमिकल प्लँट, रिफायनरी, अशांना यातूनही सूट आहे. तुमच्या केसमध्ये मालक स्वतःच हो म्हणतोय, पण ते स्टेशन मोठ्या कंपनीच्या नावावर चालत असेल तर कंपनीचे नियम काय आहेत ते त्यानं बघितलं पाहिजे, आणि मालकाचं हो म्हणणं तोंडी आहे. उद्या पोलिस आले की तोंडी परवानगी कोणाला आठवत नाही.

आता माझं सांगतो, कारण हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

नोव्हेंबर होता, रात्रीचा दीड वाजला असेल. मी सिगरेटची पाकिटं मोजत होतो, शिफ्ट बदलायच्या आधी मोजून वहीत लिहावी लागतात. दार वाजलं, वर बघितलं तर एक पोरगा, हूड डोळ्यांपर्यंत ओढलेला, वय अठरा-वीसच्या आतलंच. आमच्या काउंटरला वर काच, तिच्याखाली लॉटरीची स्क्रॅच तिकिटं लावलेली. त्यानं पिस्तुलाची नळी त्या काचेवर टेकवली. टक् असा बारीक आवाज झाला, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. आमच्याकडंही मालकाचं पिस्तूल होतं, माझ्या गुडघ्याजवळच्या कप्प्यात, प्लास्टिक पिशव्यांच्या रोलमागं, पिवळ्या फडक्यात गुंडाळून. मी तेव्हा ग्रीन कार्डवरच होतो, म्हणजे व्हिसाची अडचण नव्हती. पण हिशोब बघा ना, वाकायचं, पिशव्या बाजूला करायच्या, फडकं उलगडायचं, सेफ्टी आहे का नाही ते आठवायचं, आणि तेवढा वेळ त्याची नळी माझ्या पोटापासून हातभर अंतरावर. त्याचाही हात थरथरत होता, ते जास्त भीतीचं, कारण थरथरत्या हाताचं बोट कधी दाबलं जाईल सांगता येत नाही. मी ड्रॉवर उघडला, ६४ डॉलर होते, बाकीचे सगळे मी अकरा वाजताच ड्रॉप सेफच्या, म्हणजे नोटा आत टाकता येतात पण काउंटरवरच्या माणसाला काढता येत नाहीत अशा तिजोरीच्या, फटीतून आत टाकले होते. त्यानं नोटा घेतल्या, चिल्लर तशीच ठेवली, गेला. मी खाली बसलो ते पोलिस येईपर्यंत उठलो नाही.

सकाळी मालक आले, आधी ड्रॉवर बघितला, मग माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, मग ते खाली कशाला ठेवलंय? ते वाक्य मला लागलं ताई, आज इतक्या वर्षांनी लिहितानाही लागतंय. त्यांना वाटत होतं की त्यांनी मला संरक्षण दिलंय. खरं तर त्यांनी त्यांचा गल्ला राखायचं काम माझ्या जिवावर टाकलं होतं.

टेक्सासचा कायदा त्यांच्या बाजूनं बोलतो का, तर अर्धा बोलतो. इथल्या पीनल कोडच्या, म्हणजे फौजदारी कायद्याच्या, नवव्या चॅप्टरमध्ये लिहिलंय की समोरचा जीव घ्यायला किंवा लुटायला बघतोय आणि लगेच गोळी चालवणं गरजेचं आहे असं शहाण्या माणसाला वाटेल अशी परिस्थिती असेल, तर जीवघेणं बळ वापरता येतं, आधी पळून जायचा प्रयत्न केला पाहिजे अशी अट नाही. २००७ पासून घर आणि गाडीच्या बरोबरीनं कामाची जागाही त्यात आली, म्हणजे कोणी तुमच्या दुकानात जबरदस्तीनं घुसलं तर तुमची भीती वाजवी होती असं कायदा धरून चालतो. पण हे धरून चालणं कोणासाठी, तर जो स्वतः त्या वेळी गुन्हा करत नाहीये त्याच्यासाठी. आता वरचा व्हिसाचा मुद्दा परत वाचा. ज्याला बंदूक बाळगायलाच बंदी आहे त्याच्या पायाखालची ही फळीच निसटू शकते.

आणि मालक लोक जे म्हणतात की टेक्सासमध्ये मालासाठीही गोळी घालता येते, ते अगदीच खोटं नाही, ९.४२ कलम तसं आहे, लूट किंवा रात्रीची चोरी थांबवायला किंवा माल घेऊन पळणाऱ्याला अडवायला. पण त्यात अटी आहेत, ते दुसऱ्या कुठल्याही मार्गानं वाचवता किंवा परत मिळवता येणार नाही, किंवा साधं बळ वापरलं तर आपल्यालाच मोठा धोका, असं वाजवीपणे वाटलं पाहिजे, आणि वाजवी काय ते ग्रँड ज्युरी (खटला भरायचा का नाही ते ठरवणारे नागरिक) नाहीतर कोर्टातले बारा लोक ठरवणार, नंतर, शांतपणे बसून, सीसीटीव्ही पुढं-मागं करत. न्यूयॉर्क, न्यू जर्सीकडं हे असं नाही, तिथं सुरक्षित निसटता येत असेल तर आधी निसटा असा नियम आहे, त्यामुळं इथलं ऐकून तिकडच्या नातेवाइकांनी काही ठरवू नये.

ओक्लाहोमा सिटीच्या फार्मसीतली २००९ ची केस मला क्लासमध्ये पहिल्यांदा कळली आणि त्या रात्री झोप लागली नाही. दोन पोरं दुकान लुटायला आली, फार्मासिस्टनं गोळी झाडली, एक सोळा वर्षांचा पोरगा डोक्यात गोळी लागून खाली पडला, दुसरा पळाला. इथपर्यंत कोणी त्याला काही म्हणालं नसतं. पण तो दुसऱ्याच्या मागं बाहेर धावला, परत आला, पडलेल्या पोराला ओलांडून गेला, दुसरी बंदूक काढली आणि खाली पडलेल्या त्या पोरावर आणखी पाच गोळ्या झाडल्या. सगळं कॅमेऱ्यात. २०११ मध्ये खुनाबद्दल जन्मठेप. पहिली गोळी स्वसंरक्षण आणि नंतरच्या पाच खून, मधे जेमतेम मिनिटभर. धोका संपला की हक्क संपला, आणि तो नेमका कधी संपला हे घाबरलेल्या, कानात दडा बसलेल्या माणसाला कळायला पाहिजे अशी कायद्याची अपेक्षा. आपल्याकडंही हेच तत्त्व आहे, भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ कलमांत, फक्त आपल्याकडं बंदुकीचं लायसनच सहजासहजी मिळत नाही म्हणून सामान्य माणसावर ही वेळ क्वचित येते.

लायसनच्या परीक्षेत ५० राऊंड मारावे लागतात, ३, ७ आणि १५ यार्डांवरून, कागदाच्या माणसावर. मी पास झालो, चांगले मार्क पडले. पण तो कागद हलत नाही आणि त्याचा हात थरथरत नाही. तुमच्या भावानं तर तेवढंही केलं नसेल, मालकानं दाखवलं असेल की हे असं धरायचं, झालं.

बंदूक नसताना हातानं झटापट केली तर काय, हेही विचारून ठेवा कारण बहुतेक मोठ्या दुकानांचा नियम असतो की चोराला अडवायचं नाही, आणि अडवलं म्हणून लोकांच्या नोकऱ्या गेल्यात. वेस्ट व्हर्जिनियात सेव्हन-इलेव्हन या दुकानांच्या साखळीतल्या एका कामगारानं लुटारूच्या हातातलं हत्यार काढून घेतलं, त्याला काढलं, २००१ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं म्हटलं की जीव वाचवायला केलं असेल तर असं काढता येणार नाही. युटा राज्यात वॉलमार्टच्या कामगारांच्या केसमध्ये २०१५ ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं असंच काहीसं म्हटलं, फक्त माणसाला मागं हटायची वाटच नव्हती अशी परिस्थिती पाहिजे. हे त्या त्या राज्यापुरतं, टेक्सासला लागू नाही.

मग भावानं करायचं काय. मालकाकडं बंदूक मागण्यापेक्षा ड्रॉप सेफ मागावी आणि दर तासाला नोटा त्यात टाकाव्यात. फ्लोरिडात रात्री उघड्या असणाऱ्या दुकानांसाठी हे कायद्यातच लिहून ठेवलंय, ड्रॉप सेफ, कॅमेरा, पार्किंगला उजेड, दारावर पाटी की गल्ल्यात ५० डॉलरपेक्षा जास्त नाहीत, चौकटीला उंचीच्या खुणा म्हणजे पळणाऱ्याची उंची पोलिसांना सांगता येते, आणि बाहेरून काउंटर स्पष्ट दिसला पाहिजे. टेक्सासमध्ये राज्यभर मालकांवर तशी सक्ती नसली तरी मागायला काय हरकत आहे. खिडकीवर बिअरची पोस्टरं चिकटवून रस्त्यावरून आतलं काही दिसत नाही अशी दुकानं मी बघतो तेव्हा पोटात गोळा येतो. रात्री दोन माणसं ठेवणं तर सगळ्यात चांगलं, पण त्याला मालक सहज तयार होत नाहीत. आणि कोणी आलंच तर ड्रॉवर उघडायचा, हात दिसतील असे ठेवायचे, सिगरेट मागितली तर सिगरेट पण द्यायची.

मी ते पिस्तूल पुढच्याच आठवड्यात मालकांना परत घेऊन जायला सांगितलं. ते चिडले, पण घेऊन गेले, आणि मी आणखी दोन वर्षं तिथंच काम केलं.

भावाला फोन करा. पहिलं विचारा की आय-९४ वर, म्हणजे अमेरिकेत शिरल्याच्या सरकारी नोंदीवर, काय लिहिलंय, एफ-१ (स्टुडंट व्हिसा), एच-४, का त्याच्याकडं ग्रीन कार्ड आहे. ग्रीन कार्ड नसेल तर त्या कप्प्यातलं पिस्तूल आजच्या आज मालकाच्या ताब्यात जाऊ दे, भाऊ एकटा असताना ते दुकानात नको. त्याची शिफ्ट रात्री दहाची म्हणालात ना, इथले रात्रीचे दहा म्हणजे तुमच्याकडं उन्हाळ्यात सकाळचे साडेआठ आणि हिवाळ्यात साडेनऊ, त्याच्या आधी करा.