१९ दिवसांचं लेकरू, दोन्ही पाय आत वळलेले, प्लास्टर की ऑपरेशन?

केजकडच्या भावानं परवा विचारलंय की बाळ १९ दिवसांचं आहे, दोन्ही पाय आतल्या बाजूला वळलेत, तळवे एकमेकांकडं बघायलेत, एका डॉक्टरनं सांगितलं वर्षाचं झालं की ऑपरेशन करू, दुसऱ्यानं सांगितलं आजच प्लास्टर चालू करा, आजी म्हणायलीय मालिशनं सरळ होतील, आणि दसऱ्यानंतर टोळीसोबत ऊसतोडीला कारखान्याला जायचंय, उचल घेऊन झाली. संशोधन नक्की काय सांगतं असंही विचारलंय. खाली बऱ्याच जणांनी "देव बरं करील" लिहिलंय, ते ठीकच आहे, पण भावाला तारीख ठरवायचीय म्हणून जरा लांब लिहितो.

आधी सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. मराठवाड्यातल्या एका सरकारी दवाखान्याच्या प्लास्टर रूममध्ये २४ वर्षं काढलीत, आता रिटायर. पट्ट्या भिजवल्या, लेकरांचे गुडघे धरले, आयांना बाहेर काढलं आणि परत आत बोलावलं. त्यामुळं ऑपरेशनचा जमाना पण बघितला आणि प्लास्टरचा पण. बाळाला हात लावून तपासल्याशिवाय कुणीच पक्कं सांगू शकत नाही, मी तर नाहीच नाही.

पहिली गोष्ट, सगळे वाकडे पाय सारखे नसतात. पोटात अडचणीत बसल्यामुळं नुसते वळलेले पाय असतात, ते हातानं हळूच वर केले की सहज नडगीकडं येतात, ते बहुतेक आपोआप सुटतात आणि मालिशवाल्या बाईला फुकटचं क्रेडिट मिळतं. खरा क्लबफूट (जन्मतःच आत वळलेला, आखडलेला पाय) तसा येत नाही, टाच वर ओढलेली असते, मागून हाताला बारीक अन् पोकळ लागते, तळव्याच्या मधोमध आडवी घडी असते. तो मालिशनं सुटत नाही. आजीला वाईट वाटू देऊ नका, त्यांचं पुढं मोठं काम आहे, शेवटी सांगतो.

आणि ते ग्रहणाचं. कुणीतरी बाळंतिणीला बोललंच असंल की ग्रहणात भाजी चिरली म्हणून असं झालं. मी हे शेकडो वेळा ऐकलंय आणि दरवेळी त्या पोरीची मान खाली. अहो ग्रहण तर सगळ्या तालुक्याला लागतं, मग पाय एकाच घरात कसे वळतात? हजार जन्मांमागं एखादं-दुसरं लेकरू असं येतंच, जगभर, मुलींपेक्षा मुलांत दुपटीनं, आणि निम्म्या लेकरांचे दोन्ही पाय असतात. जुळ्यांवरचा जुना अभ्यास आहे, १९३९ चा, जर्मनीतला. अगदी एकसारख्या जुळ्यांत एकाला असलं तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण शंभरात साधारण ३३, आणि वेगवेगळ्या जुळ्यांत शंभरात ३. म्हणजे रक्तातलं काहीतरी आहे, पण सगळंच रक्तातलं नाही. पुढं पीआयटीएक्स-१ सारखी काही जनुकं पण सापडलीत. भाजीचा विळा त्यात कुठंच नाही.

आता ऑपरेशनचं. वर्षाचं झाल्यावर ऑपरेशन म्हणणारा डॉक्टर काही लुबाडतोय असं नाही, त्यांच्या शिकण्याच्या काळात तेच बरोबर मानलं जायचं. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्याकडं पण तेच. टाचेच्या आतल्या बाजूनं मागून वळून जाणारी लांब चीर, आतले आखडलेले सगळे सांधे-बंध मोकळे करायचे, पाय सरळ. टाके काढताना पाय इतका सुंदर दिसायचा की बाप पेढे आणायचा. मी पण खाल्लेत. पण तेच पाय पंधरा-वीस वर्षांनी कसे होतात ते कुणी बघायचं? ते लेकरू आपल्याकडं परत येतच नव्हतं, आणि आलंच तर वेगळ्या डॉक्टरकडं, "पाय दुखतो, उकिडवं बसता येत नाही" म्हणून.

या विषयातलं खरं संशोधन तिथंच आहे बगा. इग्नासिओ पोन्सेटी म्हणून एक डॉक्टर, स्पेनच्या मिनोर्का बेटावर १९१४ ला जन्मले, तिकडच्या यादवीत हाडं मोडलेल्या सैनिकांवर इलाज केले, हरल्यावर जखमी लोकांना डोंगर ओलांडून फ्रान्सला नेलं, मग मेक्सिको आणि तिथून १९४१ ला अमेरिकेत आयोवाला. आयोवा म्हणजे मक्याचा मुलूख, शेतीवालीच माणसं. तिथं त्यांनी जुन्या ऑपरेशनवाल्या पेशंटचे पाय तपासले तर ते कडक, दुखरे, बिनताकदीचे. मग त्यांनी मृत जन्मलेल्या बाळांचे पाय उघडून बघितले, बंध सूक्ष्मदर्शकाखाली बघितले, तर त्यातले तंतू लाटांसारखे नागमोडी. म्हणजे हळूहळू ताणले तर लांबणारे. आणि तान्ह्या बाळाची पायातली हाडं बरीचशी कुर्चाच (मऊ, लवचिक) असतात, जिकडं वळवाल तिकडं आकार घेतात. मग कापायचं कशाला?

त्यांच्या आधी पण प्लास्टर लावायचेच लोक, काईट नावाच्या डॉक्टरांची पद्धत चालायची, पण वर्ष-दोन वर्षं चालायची आणि पुष्कळदा शेवटी ऑपरेशनच. चूक एका अंगठ्याची होती. पाय बाहेर वळवताना ते आधाराचा अंगठा पायाच्या बाहेरच्या कडेला मधोमध दाबायचे, त्यामुळं टाचेचं हाड बाहेर सरकायला जागाच राहायची नाही. पोन्सेटींनी अंगठा घोट्याच्या जरा पुढं, बाहेरच्या अंगाला जे हाडाचं टोक हाताला लागतं त्याच्यावर ठेवला. बस. एवढाच फरक, दोन बोटांची जागा, आणि दोन वर्षांचं काम दीड-दोन महिन्यांवर आलं.

गंमत बघा, १९६३ ला त्यांनी हे छापलं आणि कुणी ढुंकून बघितलं नाही. ऑपरेशन करणाऱ्याला मान जास्त, प्लास्टर लावणाऱ्याला कमी, हे आपल्याकडंच नाही. मग १९९५ ला त्यांच्याच संस्थेतल्या दोघांनी जुने पेशंट शोधून काढले, ४५ माणसं, ७१ पाय, सरासरी ३४ वर्षांची झालेली, आणि त्यांची तुलना पायात काहीच दोष नसलेल्या लोकांशी केली. क्लबफूटवाल्यांत ७८ टक्के चांगले किंवा उत्तम, आणि निर्दोष पायवाल्यांत ८५ टक्के. म्हणजे धडधाकट माणसाचे पाय पण त्या वयात शंभर टक्के नसतातच, आणि हे लोक त्यांच्या जवळपास पोचले. २००६ ला उलट बाजूचा अभ्यास आला, लहानपणी मोठं ऑपरेशन झालेले लोक मोठेपणी कसे आहेत त्याचा, तर पाय आखडलेले, सांध्यांची झीज, आणि जितकी ऑपरेशनं जास्त तितकी हालत वाईट. म्हणून भाऊ, तुमच्या प्रश्नाला संशोधनाचं उत्तर एवढंच आहे, आधी प्लास्टर. मोठं ऑपरेशन लागतं कधीकधी, पण हट्टी पायाला, शेवटी. पहिल्या दिवशी ठरवून नाही.

हे पसरलं पण कसं, तर नव्वदच्या दशकाच्या शेवटी इंटरनेटवर आईबापांनी एकमेकांना सांगून. डॉक्टरांच्या आधी पालक आयोवाला पोचायला लागले. आज युगांडा, मलावीत तर डॉक्टर नसलेले, ट्रेनिंग घेतलेले लोक हे प्लास्टर लावतात. आमच्याकडं नवीन सर शिकून आले तेव्हा मी मनात म्हणलं, एवढी वर्षं आपण पट्ट्याच गुंडाळल्या की काय.

आता प्लास्टर रूममध्ये काय होतं ते ऐका. दर आठवड्याला एक, असे पाच-सहा. मांडीपर्यंत, गुडघा काटकोनात वाकवून. गुडघ्याखालचं आखूड प्लास्टर कुणी लावलं तर विचारा, कारण लेकरू लाथा मारून ते काढून टाकतं आणि वळवलेला पाय आत फिरतो. बाळ जरासं भुकेलं ठेवून आणा आणि पट्टी गुंडाळताना पाजा, दूध पिणारं लेकरू पाय ढिला सोडतं. पहिल्या प्लास्टरनंतर पाय अजूनच वाकडा दिसतो, पंजा वर वळवल्यासारखा, घाबरू नका, आधी तळव्याची घडी उघडायची असते मग बाकीचं. यावर एका आजोबांनी मला काठी उगारली होती. घरी आल्यावर बोटं बघत राहायचं, दाबली की पांढरी आणि सोडली की परत गुलाबी व्हायला पाहिजेत. निळी-काळी पडली, किंवा बोटं प्लास्टरच्या आत गायब झाली म्हणजे प्लास्टर खाली सरकलं, तर त्याच दिवशी दवाखाना, पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. सरकलेल्या प्लास्टरनं पाय आखूड, फुगीर होतो आणि मग काम अवघड होतं. आणि प्लास्टर आदल्या रात्री घरी भिजवून काढून आणू नका, एका रात्रीत पाय मागं जातो.

पाय बाहेर वळला की शेवटी टाच उरते. ती बहुतेक लेकरांची नुसत्या प्लास्टरनं खाली येत नाही, म्हणून टाचेमागची शीर (लोक शीरच म्हणतात, आहे ती स्नायूची दोरी) भूल देऊन बारीक चिरेतून सोडतात. पाच-दहा मिनिटांचं काम, टाका पण बहुधा नाही. लगेच तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर, तेवढ्यात शीर लांबून जुळते. "ऑपरेशन नाही म्हणले होते अन् आता कापायलेत" असं म्हणून इथं बरेच जण पळून जातात. पळू नका.

हिशोब करा. नागपंचमीला सुरू केलं तर सहा आठवडे आणि वर तीन, दसऱ्याच्या आसपास प्लास्टर संपतं. पाय सरळ, आणि तुमची टोळी निघायची वेळ. इथंच आपल्या बीडकडची बरीच लेकरं हातातून जातात.

कारण प्लास्टरनंतर बूट येतात. मधे दांडी, दोन्ही बाजूला बूट, वळलेला पाय साधारण ७० अंश बाहेर. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, नुसती आंघोळीपुरती सुट्टी, मग लेकरू चार वर्षांचं होईपर्यंत रात्री आणि दुपारच्या झोपेत. आयोवाच्याच २००४ च्या अभ्यासात १५७ लेकरं, २५६ पाय, ९८ टक्के पाय प्लास्टरनं सरळ झाले, आणि जे परत वळले त्यांचा संबंध ना उशिरा येण्याशी ना प्लास्टरच्या संख्येशी, बूट न घालण्याशी. सरळ पाय म्हणजे बरा झालेला पाय नव्हे, हे मला कागदावर नंतर कळलं, अंगावर आधी आलं होतं.

गेवराईकडचं एक पोरगं होतं. पाय इतके छान आले होते की सर स्वतः फोटो काढून घेऊन गेले. ऑक्टोबरात बूट दिले, चिठ्ठीवर मी शिक्का मारला "१ महिन्याने येणे", आणि मोकळा झालो. एक महिन्यानं ते कुठं असणार हे मी विचारलंच नाही. नवरा-बायको एका कोयत्यावर, साडेतीनशे किलोमीटर लांब. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, तेव्हा एप्रिलात आले, पाय आत. बूट कुठंय विचारलं तर म्हणाली पेटीत जपून ठेवलाय, खराब होईल म्हणून. बूट छोटा झाला होता, टाचेला फोड आला, फडात कुणाला विचारणार, मग ठेवून दिला. तिची काय चूक ओ? परत चार प्लास्टर लागले. त्या दिवसापासून मी शिक्का मारायच्या आधी विचारायला लागलो, कारखाना कोणता?

तर तुम्ही हे करा. या आठवड्यातच जा, अंबाजोगाईचं मेडिकल कॉलेज तुम्हाला जवळ. बऱ्याच सरकारी दवाखान्यांत क्लबफूटचं वेगळं क्लिनिक एका ठरलेल्या वाराला असतं, बूट पण तिथं फुकट मिळतात, वार आधी विचारून घ्या नसता हेलपाटा. आशाताईला सांगा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वाकडे पाय येतात, त्यांच्याकडून पाठवणी झाली की कागद सोपे जातात. तिथं गेल्यावर कंबरेचे सांधे आणि पाठीचा कणा पण बघायला सांगा, पाठीवर केसांचा पुंजका किंवा खड्डा असेल तर इलाज बदलतो. पहिल्याच दिवशी डॉक्टरला सांगून टाका की दसऱ्याला निघायचंय. लपवू नका, ओरडतील, ओरडू द्या. मुकादमाला कारखान्याचं नाव विचारून, त्याच्या जवळचं क्लिनिक इथूनच माहीत करून चिठ्ठी घ्या. एक नंबर मोठे बूट सोबत मागा. सुती मोजे चार जोड घ्या. बांधताना आधी मधला पट्टा घट्ट, टाच तळाला टेकली का बघायचं, मग बाकीचे. पहिल्या दोन-तीन रात्री रडतं, काढू नका, दोन्ही पाय धरून एकदम वाकवायचं-लांबवायचं खेळवत राहा, लेकरू लवकर शिकतं की एकट्या पायानं लाथ मारता येत नाही. लाली आली तर पट्टा बघा. फोड आला तर फोटो काढून तिथून क्लिनिकला पाठवा, पण बूट पेटीत टाकू नका.

आणि आजीला दवाखान्यात सोबत घेऊन जा. तुम्ही दोघं पहाटे फडात जाणार, लेकरू कोपीवर (झोपडीवर) त्यांच्यापाशी राहणार, तर बूट बांधायचं शिकायचंय ते त्यांनी.